नागराजच्या डोक्यातली कॅप्सूल आणि आपलं माहूर

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. रस्ता, पाणी, नगरपंचायत, पीकविमा यातलं नेहमीचं आज काहीच नाही. आज एका कॉमिकबद्दल लिहितोय. काहींना हसू येईल, ‘याला आता बातम्या मिळेनात वाटतं’ असंही म्हणाल. पण शेवटपर्यंत वाचा, कारण विषय फिरून आपल्याच गडाच्या पायथ्याशी येणार आहे.

कॉमिक आहे ‘नागराज’. राज कॉमिक्सचं, दिल्लीहून निघालेलं, हिंदीतलं, साल १९८६. कथा परशुराम शर्मा यांची, चित्रं प्रताप मुळीक यांची. माहूरच्या माणसाला लेखकाचं नाव वाचूनच गंमत वाटावी. पण गंमत तेवढ्यावर थांबत नाही. या पहिल्या अंकात देवीचं मंदिर आहे, देवीची सोन्याची मूर्ती आहे, ती चोरायला आलेला एक विषारी माणूस आहे आणि त्याला शुद्धीवर आणणारे बाबा गोरखनाथ आहेत. नाथपंथ आला की दत्त आला, दत्त आला की माहूर आलंच. तर पुन्हा छापलेला हा अंक परवा नीट बसून, पानापानावर थांबून वाचला. लहानपणी वाचला तेव्हा फक्त मारामारी दिसली होती. आता पस्तीसेक वर्षांनी वेगळंच काही दिसलं.

आधी थोडा इतिहास, म्हणजे हे पुस्तक कुठून आलं ते कळेल.

आपल्याकडं चित्रकथेतला पहिला मोठा नायक आला तो वेताळ. अमेरिकेच्या ली फॉक यांनी १९३६ साली ‘फँटम’ नावाची चित्रपट्टी सुरू केली. सुपरमॅन त्यानंतर, १९३८ साली आला. अंगाला चिकटलेला पोशाख, डोळ्यांवर मुखवटा आणि मुखवट्यात बुबुळं नाहीत, ही सुपरहिरोची सगळी ओळख आधी फँटमची. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या घराण्यानं ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं, त्यात हा फँटम आला आणि मराठीत त्याचा वेताळ झाला. नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे. वेताळ आपल्या गावोगावच्या वेशीवरचा, शेंदूर फासलेला राखणदार. रात्री फेरी मारतो, मरत नाही, वाईट माणसाला सोडत नाही. फॉकच्या नायकाबद्दलही जंगलातल्या लोकांचा समज असाच, की हा चारशे वर्षं जिवंत आहे. खरं म्हणजे बाप गेला की पोरगा तोच पोशाख घालतो. नाव इतकं चपखल बसलं की हा परका आहे असं कोणाला वाटलंच नाही.

पण तो परकाच होता. जरा विचार करा, गोष्ट काय आहे? १५३६ साली एक गोरा माणूस जहाज फुटून किनाऱ्याला लागतो. जंगलातले बुटके आदिवासी त्याला वाचवतात. मग पुढची चारशे वर्षं त्या गोऱ्याचा वंश कवटीच्या गुहेत सिंहासनावर बसून त्या जंगलात न्यायनिवाडा करतो आणि आदिवासी त्याच्या गुहेवर पहारा देतात. हे आम्ही कुठं बसून वाचत होतो? माहूर-किनवटच्या पट्ट्यात. गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा लोकांच्या भागात, जिथं जंगलाचे कायदे कोण करतं आणि भोगतं कोण हे रोज दिसतं. वेताळ मलाही आवडायचा, साय बॅरींची चित्रं आजही आवडतात. पण त्या गोष्टीत आदिवासी माणूस कधीच नायक होत नाही, हेही खरं आहे.

इंद्रजालमध्येच १९७६ च्या अखेरीस ‘बहादूर’ आला. आबिद सुरती यांचा नायक, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. डाकूचा मुलगा, ज्या पोलिसाच्या गोळीनं बाप मेला त्यानंच वाढवलेला, पुढं गावकऱ्यांना एकत्र करून डाकूंशी लढणारा. अंगावर विचित्र पोशाख नाही, मुखवटा नाही. तो खऱ्या अर्थानं देशी होता. १९९० साली इंद्रजालच बंद पडलं.

दुसरीकडं अनंत पै यांनी १९६७ पासून अमर चित्र कथा उभी केली. हे पै त्याआधी टाइम्समध्ये होते आणि इंद्रजालच्या उभारणीतही त्यांचा हात होता. आपल्या पोरांना ग्रीक पुराण माहीत आणि रामायण माहीत नाही, या खंतीतून त्यांनी हे काम सुरू केलं असं ते सांगायचे. ‘कृष्ण’ या गाजलेल्या अंकाची चित्रं राम वाईरकरांची. ‘शिवाजी’ या अंकाची कथा आपल्या भा. रा. भागवतांची, म्हणजे फास्टर फेणेवाल्या भागवतांची, आणि चित्रं प्रताप मुळीकांची. महाभारताची लांबलचक मालिका काढली दिलीप कदम यांनी. नावं बघा. वाईरकर, मुळीक, कदम. सगळा देश ज्या चेहऱ्यांना राम, कृष्ण, अर्जुन म्हणून ओळखतो, त्यातले कितीतरी चेहरे मराठी हातांनी काढलेले आहेत. आपल्याकडं याचा गाजावाजा कधी झाला नाही. गायकाचा सत्कार होतो, नटाचा होतो, किर्तनकाराचा होतो. चित्रकथा काढणाऱ्या माणसाच्या नावाची पाटी कुठल्या चौकात पाहिली आहे का तुम्ही?

आणि हेच मुळीक पुढं नागराज काढायला बसले. त्याआधी ऐंशीच्या दशकात अमिताभ बच्चनला सुपरहिरो करून ‘सुप्रीमो’ नावाची चित्रकथा निघाली होती, तिची चित्रंही त्यांचीच. म्हणजे एकाच माणसाच्या ब्रशमधून शिवाजी महाराज उतरले, अमिताभ उतरला आणि नागराजही उतरला.

आता अंकाकडं येतो. आधी कथा.

प्रोफेसर नागमणी नावाचा एक शास्त्रज्ञ आहे. सापांच्या विषावर प्रयोग करून त्यानं एक माणूस तयार केलाय, नागराज. त्याच्या रक्तात सूक्ष्म साप राहतात, मनगटातून साप निघतात, त्याची फुंकर विषारी आणि दंश तर विचारूच नका. नागमणीला हा माणूस जगाच्या भल्यासाठी नको आहे. तो एक हत्यार आहे, भाड्यानं द्यायचं. गिऱ्हाईक कोण? दहशतवादी. पहिलं काम ठरतं देवीच्या मंदिरातली सोन्याची मूर्ती पळवण्याचं. मंदिराची राखण भक्त करतात, साप करतात आणि तीनशे वर्षांचे बाबा गोरखनाथ करतात. नागराज राखणदारांना भारी पडतो, पण गोरखनाथ आणि त्यांचं काळं मुंगूस शिकांगी यांच्यापुढं त्याचं चालत नाही. गोरखनाथ त्याचं मन वाचतात आणि त्यांना कळतं की याच्या डोक्यात एक कॅप्सूल बसवलेली आहे. नागमणी त्या कॅप्सूलच्या जोरावर याला नाचवतोय. बाबा ती काढून टाकतात. नागराज मोकळा होतो, बाबांचा शिष्य होतो आणि जगातून दहशतवाद संपवायची शपथ घेतो.

एवढीच गोष्ट. आजच्या पोराला सांगितली तर म्हणेल, ‘काका, हे तर सोपंय.’ सोपंच आहे. पण साल बघा. १९८४ मध्ये देशानं काय काय पाहिलं हे सांगायला नको. जून १९८५ मध्ये एअर इंडियाचं कनिष्क विमान बाँबनं उडवलं गेलं. ‘आतंकवाद’ हा शब्द रोज रेडिओवर ऐकू येत होता. त्या काळात दिल्लीतल्या एका प्रकाशनानं पोरांसाठी नायक काढला आणि त्याचा पहिला धंदाच दहशतवाद्यांचं हत्यार असणं हा ठेवला. दुसऱ्या बाजूनं नाग तर लोकांच्या डोक्यात होताच. १९७६ चा ‘नागिन’ लोकांनी डोक्यावर घेतला होता आणि ‘नगीना’ याच १९८६ सालचा. इच्छाधारी नाग, पुंगी, नागमणी हे सगळं प्रेक्षकाला तोंडपाठ होतं. जुनी लोककथा आणि रोजची बातमी, दोन्ही एका पुस्तकात बांधली गेली. म्हणून ते चाललं.

माझ्या मते या कथेचं खरं बळ नागराजच्या विषात नाही, कॅप्सूलमध्ये आहे. सुपरमॅन जन्मापासून चांगला. वेताळ बापाच्या शपथेनं बांधलेला. स्पायडरमॅन (हा १९६२ चा) काकाच्या मरणातून शहाणा झालेला. नागराज मात्र वाईटाचं हत्यार म्हणूनच जन्माला येतो. तो दुष्ट नाही, पण दुष्टाच्या हातात आहे, आणि त्याला स्वतःला याचा पत्ता नाही. आपण जे करतोय ते आपल्याच मर्जीनं करतोय असं त्याला वाटतं. मला वाटतं जगातल्या मोठमोठ्या सुपरहिरोंच्या जन्मकथांपुढं ही कल्पना कुठं कमी पडत नाही.

कमी पडते ती पुढं. कॅप्सूल निघाली की नागराज एका झटक्यात साधू होतो. आधी ज्या भक्तांवर, राखणदारांवर हात टाकला त्यांचं काय, हा प्रश्न कथा विचारत बसत नाही. दोष सगळा कॅप्सूलचा, कॅप्सूल गेली, हिशेब मिटला. लेखकाला पुढच्या अंकाची घाई आहे. पुढं ‘नागराज की कब्र’, ‘नागराज का बदला’ असे अंक आलेही. संवादांची दुसरी खोड म्हणजे चित्रात जे दिसतंय तेच पात्र तोंडानं पुन्हा सांगतं. साप दोरीसारखा सुटलेला दिसतोय आणि नागराज ते आपल्यालाच समजावून सांगतोय. लहानपणी याचा त्रास झाला नाही, उलट हिंदी शिकायला उपयोगच झाला. आज वाचताना अडखळायला होतं. आणि बायका? देवी आहे, पण ती मूर्ती म्हणून. तिला चोरायचं किंवा वाचवायचं. ती स्वतः काही बोलत नाही. रेणुकेच्या गावात राहणाऱ्याला हे जरा खटकतंच.

आता चित्रं. इथं मी मुळीकांना हात जोडतो.

अमेरिकन सुपरहिरोंची चित्रं तुम्ही पाहिली असतील. अंग इतकं फुगवलेलं की माणूस वाटत नाही, चौकटी वाकड्या, हात कागदाबाहेर येणारे. मुळीकांनी तसं केलं नाही. त्यांची चौकट सरळ, पान शिस्तीत लावलेलं, डोळा वरून खाली आपोआप उतरतो. अमर चित्र कथेत देव काढून काढून जो हात तयार झाला होता, तोच इथं लावला. नागराजचं शरीर पैलवानाचं आहे, व्यायामशाळेच्या यंत्रावर बनवलेलं नाही. खांदे भरलेले, कंबर माणसासारखी, उभं राहणं तालमीतल्या वस्तादासारखं. आपल्या जत्रेतल्या कुस्त्या पाहिलेल्या माणसाला हे शरीर लगेच ओळखीचं वाटतं. अंगावर खवल्यांची रेघ ओढून त्यांनी त्याला हिरवा रंग दिला आणि एका रंगात काम साधलं. तो देव नाही, राक्षस नाही आणि पुरता माणूसही नाही.

ब्रशची रेघ बघा. कपड्याची चुणी काढताना रेघ जाड सुरू होऊन बारीक संपते. गोरखनाथांच्या जटा, दाढी, डोळ्यांतली जरब, हे सगळं आपल्याकडच्या कॅलेंडरातल्या साधूसारखं आहे, तरी कॅलेंडरसारखं मेलेलं नाही. सगळ्यात अवघड काम होतं सापांचं. माणसाच्या मनगटातून साप निघतात हे चित्रात काढायचं तर एकतर हसू येईल नाहीतर किळस. मुळीकांचे साप खरे वाटतात, त्यांना वजन आहे, वळण आहे. शेतात साप पाहिलेल्या माणसानं काढलेत असं वाटतं. म्हणून ते फेकले की आपण मागं सरकतो.

उणं काय? छपाई. स्वस्त कागद, चार रंग, आणि कितीतरी ठिकाणी रंग रेघेच्या बाहेर. पार्श्वभूमी बरेचदा नुसता एक रंग फासून सोडलेली. मंदिराच्या दगडी कामाला अजून वेळ दिला असता तर बहार आली असती. आपल्या पांडवलेण्यात उभं राहून दगडाची सावली पाहिलेल्या माणसाला तिथं थोडं रिकामं वाटतं. पुढं नव्वदच्या दशकात अनुपम सिन्हा नागराज काढू लागले. हे ‘सुपर कमांडो ध्रुव’वाले सिन्हा. त्यांच्या पानांना वेग आला, चौकटी मोडल्या, गर्दी वाढली. त्यांचे चाहते जास्त आहेत, आणि ते बरोबरही आहे. पण पहिल्या अंकातलं गांभीर्य मला मुळीकांच्याच हातचं वाटतं.

ही पुस्तकं आपल्याकडं हिंदीत वाचली जायची याचंही कोणाला नवल वाटू नये. किनवटचा हा भाग १९५६ च्या आधी आदिलाबाद जिल्ह्यात होता. इकडच्या बाजारात मराठी, गोरमाटी, तेलुगू, गोंडी आणि आपली दखनी हिंदी एकाच दुकानात ऐकू येते. बसस्टँडजवळच्या टपरीवर दोरीला लटकवलेली कॉमिक्स आठ आण्याला दिवसभर मिळायची. पान फाटलं की दंड. एक पुस्तक घरी आणलं की गल्लीतली सात पोरं वाचायची, त्यात ज्याला वाचता येत नव्हतं तोही चित्रं बघून गोष्ट सांगायचा. माझ्या माहितीत अशी माणसं आहेत की ज्यांना शाळेच्या पुस्तकानं वाचायला लावलं नाही, नागराजनं लावलं. कोणी काही म्हणो, हे त्या स्वस्त कागदाचे उपकार आहेत.

आता माहूर.

परशुरामाची गोष्ट आपण आईच्या दुधाबरोबर ऐकतो. महाभारतात ती वनपर्वात आहे. जमदग्नींना राग येतो, ते पोरांना सांगतात, आईला मारा. थोरले भाऊ नाही म्हणतात, त्यांना शाप मिळतो. परशुराम ऐकतो. मग बाप प्रसन्न होऊन वर माग म्हणतो तेव्हा तो मागतो की आई जिवंत व्हावी, झालेलं तिला आठवू नये, मला पाप लागू नये, भाऊ पूर्वीसारखे व्हावेत. पुढं सहस्रार्जुनाचं प्रकरण, जमदग्नींची हत्या. आणि आपल्या गडाची कथा म्हणते की बापाचा देह कावडीत घालून परशुराम इथं आला, दत्तात्रेयांनी क्रियाकर्म केलं, रेणुका सती गेली. मग आईच्या ओढीनं व्याकूळ झालेल्या लेकासाठी ती जमिनीतून वर येऊ लागली, पण त्यानं वेळेआधीच वळून पाहिलं आणि फक्त मुख वर आलं. गडावर आपण ज्याला तांदळा म्हणून हात जोडतो, तो हा.

अंक वाचून झाल्यावर मला ही गोष्ट आठवली ती उगाच नाही. हातात परशू आहे आणि हुकूम दुसऱ्याचा आहे. नागराजचंही तेच. दोन्हीकडं नंतर सगळं पुसलं जातं, एकीकडं वरानं, दुसरीकडं शस्त्रक्रियेनं. पण आपल्या लोककथेनं एक गोष्ट केली जी कॉमिकनं केली नाही. तिनं ते पुरतं पुसू दिलं नाही. आई पूर्ण परत आली नाही, मुखच आलं. लेकाला आई मिळाली आणि नाहीही मिळाली. शेकडो वर्षांपूर्वी ज्या अनाम माणसांनी ही गोष्ट अशी सांगितली, त्यांना हिशेब कळत होता असं मला वाटतं. कुणाच्या श्रद्धेला धक्का लावायचा हेतू नाही. मी स्वतः दर नवरात्रात गड चढतो. गोष्ट किती मोठी आहे एवढंच म्हणतोय.

मागच्या वर्षी १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, एका शाळेत बोलायला बोलावलं होतं. पोरांना विचारलं, सुपरहिरो सांगा. धडाधड नावं आली. स्पायडरमॅन, आयर्न मॅन, हल्क, छोटा भीम. मी विचारलं, रायबागन माहीत आहे का? वर्गात शांतता. मग मी सांगितलं.

रायबागन म्हणजे सावित्रीबाई. माहूरच्या उदाराम देशमुखांच्या घराण्यातली सून. नवऱ्यामागं तिनं कारभार आणि फौज दोन्ही सांभाळलं. वऱ्हाडातलं बंड मोडायला रणात उतरली म्हणून मुघल दरबारानं तिला रायबागन हा किताब दिला. बागन म्हणजे वाघीण. २ फेब्रुवारी १६६१ ला उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज दोन्ही बाजूंनी कोंडली. जंगल, अरुंद वाट, पाणी नाही, वर डोंगरावरून दगड आणि बाण. त्या खानाच्या फौजेत ही माहूरची बाई होती. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’त तिचा उल्लेख आहे. तिनं खानाला तोंडावर सुनावलं की तू फौज कुठं आणून घातलीस, आणि शरण जायचा सल्ला दिला. खानानं ऐकलं. खंडणी देऊन, सामानसुमान टाकून फौज जीव वाचवून बाहेर पडली.

गोष्ट संपली तेव्हा पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “सर, मग ती कोणाच्या बाजूनं होती?”

मी म्हटलं, मुघलांच्या.

ती म्हणाली, “मग ती व्हिलन का?”

वर्गातली पोरं माझ्याकडं बघत होती. मी तिला म्हटलं, बाळ, तूच ठरव, पण घाईनं ठरवू नकोस. त्या काळात आपल्याकडच्या किती देशमुख, किती सरदार घराण्यांची चाकरी निजामशाही, आदिलशाही, मुघल अशी फिरत होती ते वाच. बाई शूर होती हे खरं. चुकीच्या खिंडीत, चुकीच्या बाजूला उभी होती असं म्हणायचं असेल तर तेही म्हण. आणि त्या खिंडीत सेनापतीला ‘तुझं चुकलं’ म्हणायची हिंमत तिच्यात होती, हेही विसरू नकोस.

त्या मुलीचा प्रश्न अजून डोक्यातून गेलेला नाही. कॉमिकनं आपल्याला एक सवय लावली, मी धरून सगळ्यांना. पहिल्या पानावरच कळलं पाहिजे कोण आपला आणि कोण परका. कॉमिक गेलं, टपरी गेली, ती सवय मात्र मोबाईलमध्ये येऊन बसली. आता कोण हिरो, कोण व्हिलन हे फॉरवर्ड ठरवतं. सकाळी एक क्लिप येते, दुपारी पोरं चौकात जमतात, संध्याकाळी पोलीस ठाण्यात नावं लिहिली जातात. क्लिप पाठवणारा कुठल्या शहरात बसलाय हे त्या पोरांना माहीत नसतं. वीस वर्षांच्या वार्तांकनात मी ठाण्याबाहेर रडणाऱ्या आया खूप पाहिल्या. प्रत्येक आई हेच म्हणते, माझं पोरगं तसं नाही हो. आणि ते खरंही असतं. पोरगं तसं नसतंच. त्याच्या डोक्यात कोणीतरी काहीतरी बसवलेलं असतं, आणि त्याला वाटतं की हे आपलंच मत आहे.

१९८६ सालच्या त्या स्वस्त पुस्तकानं हे ओळखलं होतं. राक्षस बाहेरून येत नाही, आपलंच बळ कोणीतरी भाड्यानं देतं. फरक एवढाच, की पुस्तकात गोरखनाथ भेटतात. चौकात भेटत नाहीत. तिथं रायबागनीसारखंच वागावं लागतं. खिंडीत अडकल्यावर का होईना, स्वतःच्या डोळ्यांनी बघून, ज्याचं मीठ खाल्लं त्यालाच ‘तुझं चुकलं’ म्हणावं लागतं. मला विचाराल तर हे मनगटातून साप काढण्यापेक्षा अवघड काम आहे.

म्हणून एक मागणी आहे. मोठी नाही, निधी लागत नाही. आपल्या तालुक्यातल्या शाळांनी या वर्षी रांगोळी आणि निबंधाबरोबर चित्रकथेची एक स्पर्धा ठेवावी. विषय रायबागन. एक कागद, सहा चौकटी, पेन्सिल. अट एकच ठेवा. पोरांना आधीच सांगू नका की ती हिरो आहे का व्हिलन. सहाव्या चौकटीत काय काढायचं ते त्यांना ठरवू द्या. आश्रमशाळेतल्या गोंड, कोलाम पोरांनाही मुद्दाम बोलवा. त्यांच्या घरातल्या गोष्टी अजून कागदावर यायच्या आहेत आणि त्यांच्या जंगलाचा राखणदार गोराच असला पाहिजे असं काही नाही. ज्या मातीतून वाईरकर, मुळीक, कदम निघाले, त्याच भाषेच्या गावात बसलोय आपण. एखादा हात आपल्याकडंही असेल.

कुठल्या शिक्षकानं मनावर घेतलं तर कागद आणि पेन्सिली माझ्याकडून. आणि कोणाच्या माळ्यावर जुने वेताळ, बहादूर, नागराज पडले असतील तर रद्दीत घालू नका. मला फोन करा, मी स्वतः येऊन घेऊन जातो. शाळेच्या कपाटात ठेवू, पोरं वाचतील.